झटक्याचा भार आणि तडा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काच, दगड, काँक्रीट, पोलाद यांना हळू ओढलं तर ते एका पद्धतीने तुटतात, झटका दिला तर वेगळ्याच पद्धतीने. याबद्दल विचारणारे लोक साधारण तीन प्रकारचे असतात : अभियांत्रिकीचे विद्यार्थी, खाण-बांधकामावरचे लोक आणि बाथरूमचा काचेचा दरवाजा आपोआप फुटल्यामुळे हादरलेले घरमालक. तिघांचेही प्रश्न खाली एकत्र आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत संपतात.

भार तेवढाच असेल तर तो हळू दिला काय आणि झटक्याने दिला काय, फरक का पडावा?

भार लागल्याची खबर वस्तूभर एकाच क्षणी पोचत नाही, म्हणून. ती लहरीच्या रूपाने पसरते. पोलादाच्या सळईत या लहरीचा वेग सेकंदाला सुमारे ५,१०० मीटर असतो, म्हणजे मीटरभर सळईचं दुसरं टोक गाठायला साधारण २०० मायक्रोसेकंद लागतात. चाचणी यंत्रात सळई मिनिटभर हळूहळू ओढली तर तेवढ्यात लहर लाखाहून जास्त वेळा ये-जा करते आणि ताण सगळीकडे सारखा होतो. घणाचा घाव बसतो तेव्हा मात्र सळईचा एक भाग ताणाखाली असतो आणि उरलेल्या भागाला त्याचा पत्ताही नसतो.

दुसरी गोष्ट अशी की तडा पडायलाही वेळ लागतो. पदार्थातल्या सूक्ष्म भेगा जाग्या व्हाव्या लागतात, वाढाव्या लागतात, एकमेकींना मिळाव्या लागतात. लहरीला लागणारा वेळ आणि तड्याला लागणारा वेळ, या दोहोंपैकी कोण आधी पोचतं यावर बहुतेक सगळं ठरतं. हँडबुकमधला ताकदीचा आकडा या शर्यतीबद्दल काहीच सांगत नाही, कारण तो नमुना हळू ओढून काढलेला असतो.

‘वेगवान’ भार नक्की कशाला म्हणायचं?

भार देणारी वस्तू किती वेगाने आली यापेक्षा पदार्थ किती वेगाने ताणला गेला हे पाहतात. नेहमीच्या चाचणीत नमुन्याची लांबी सेकंदाला दहा हजाराव्या ते हजाराव्या हिश्श्याने वाढते. हॉपकिन्सन बारच्या प्रयोगात (दोन लांब सळयांमध्ये नमुना ठेवून लहर पाठवतात तो) हा दर सेकंदाला मूळ लांबीच्या शेकडो ते हजारो पट असतो. एक चकती दुसरीवर तोफेच्या वेगाने आदळवली तर तो लाखाच्या वर जातो. भूकंप या मापात बराच हळू आहे, तरी बेफिकीर राहण्याइतका हळू नाही. त्याबद्दल पुढे कोयनेच्या प्रश्नात.

आदळणाऱ्या वस्तूचं वजन महत्त्वाचं की वेग?

जॉन हॉपकिन्सन यांनी १८७२ साली हे लोखंडी तारेवर करून पाहिलं. तार वरून टांगलेली, खालच्या टोकाला अडसर, आणि तारेवरून घसरत येऊन त्या अडसरावर आपटणारं वजन. वजन वाढवलं की तार लवकर तुटेल असं कुणालाही वाटेल. पण वजन किती उंचीवरून सोडल्यावर तार तुटते, हे ते वजन किती जड आहे यावर फारसं अवलंबून नाही असं दिसलं. उंची, म्हणजे आदळतानाचा वेग, हीच निर्णायक ठरली. शिवाय घाव खाली बसूनही तार कधीकधी वरच्या टोकाशी तुटायची.

दोन्हीचं कारण लहर आहे. आघाताच्या पहिल्या क्षणी निर्माण होणारा ताण म्हणजे पदार्थाची घनता, लहरीचा वेग आणि आदळण्याचा वेग यांचा गुणाकार. त्यात वजन कुठेच नाही. पोलादासाठी हिशोब केला तर आदळण्याच्या वेगातल्या दर १ मीटर प्रतिसेकंदामागे सुमारे ४० मेगापास्कल ताण येतो, म्हणजे १० मीटर प्रतिसेकंदाला ४०० मेगापास्कल, आणि एवढ्यात साधं बांधकामाचं पोलाद कायमचं वाकायला लागतं. ही लहर वर जाऊन घट्ट धरलेल्या टोकावर आपटते तेव्हा तिथला ताण दुप्पट होतो. म्हणून तार वर तुटते.

वजनाला काहीच किंमत नाही असा याचा अर्थ घेऊ नका. भार किती वेळ टिकणार हे वजन ठरवतं. पहिला तडाखा किती जोराचा, हे वेग ठरवतो.

हलक्या, मऊ वस्तूने कठीण वस्तू फुटू शकते का?

फुटते, आणि त्याचं सर्वांत वेदनादायी उदाहरण कोलंबिया अंतराळयानाचं आहे. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. थर्माकोलसारखी हलकी वस्तू, अंदाजे पाऊण किलोची. १ फेब्रुवारीला परतताना तिथूनच तप्त वायू आत शिरले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले.

‘फोमने कार्बनचा पंख कसा फुटेल?’ हा प्रश्न तेव्हा अनेक जाणत्या अभियंत्यांनीही विचारला होता. उत्तर जुलै २००३ मध्ये टेक्सासमधल्या साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये मिळालं. तेवढाच फोम ताशी सुमारे ८५० किलोमीटर वेगाने खऱ्या पंखाच्या भागावर मारला, तर सुमारे ४० सेंटिमीटर रुंदीचं भोक पडलं. यातली खोच लक्षात घेण्यासारखी आहे. फोम हलका होता म्हणूनच तो हवेच्या झोतात क्षणार्धात मागे पडला आणि यान मात्र त्याच वेगाने पुढे आलं. जड तुकडा असता तर तेवढ्या अंतरात यान आणि तुकडा यांच्या वेगांत इतका फरक पडला नसता.

घाव एका बाजूला बसतो आणि तुकडा दुसऱ्या बाजूने उडतो. असं कसं?

बर्ट्राम हॉपकिन्सन, वरच्या जॉन यांचे चिरंजीव, यांनी पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर हे नीट मांडलं. जाड पोलादी पत्र्याला चिकटवून स्फोटक उडवलं की मागच्या बाजूने पोलादाची खपली सुटते. स्फोट दाबाची लहर पाठवतो, ती पत्र्यातून सुखरूप पार होते, कारण दाब सोसण्यात पदार्थ पटाईत असतात. पण मागच्या मोकळ्या पृष्ठभागावर पोचली की ती उलटते आणि ओढणारी लहर होऊन परत फिरते. ओढ सोसण्यात बहुतेक पदार्थ कच्चे. काँक्रीट आणि खडकाची ओढीतली ताकद दाबातल्या ताकदीच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकीच असते. मग पृष्ठभागापासून थोड्या आत तडा पडतो आणि खपली सुटते.

रणगाड्यांवर मारायचा हेश गोळा याच तत्त्वावर चालतो. तो चिलखत भेदत नाही. बाहेर पसरून फुटतो आणि आतल्या बाजूची खपली उडवतो. पुण्यात पाषाणच्या एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेने विकसित केलेली ‘अर्जुन’ रणगाड्याची १२० मिलिमीटर तोफ असा गोळा डागू शकते.

तडा किती वेगाने धावतो?

साध्या खिडकीच्या काचेत जास्तीत जास्त सेकंदाला सुमारे १,५०० मीटर. म्हणजे एका मायक्रोसेकंदात दीड मिलिमीटर. मीटरभर काच पार करायला पाऊण मिलिसेकंदही लागत नाही.

सिद्धांताप्रमाणे ओढीने उघडणाऱ्या तड्याची मर्यादा म्हणजे रॅले लहरीचा वेग, पृष्ठभागावरून सरकणाऱ्या लहरीचा वेग. काचेत तो ३,००० मीटर प्रतिसेकंदाच्या थोडा वर आहे. तड्याच्या टोकाला लागणारी ऊर्जा आजूबाजूच्या पदार्थातून येते आणि त्या वेगाला ऊर्जेचा हा पुरवठा आटतो. प्रत्यक्षात मात्र काचेतला तडा जेमतेम निम्म्यावर अडकतो. का, याचं उत्तर पुढच्या प्रश्नात आहे. वॉशबॉ आणि क्नाउस यांनी १९९४ साली ॲक्रिलिकच्या दोन पट्ट्या कमजोर जोडून तड्याला एकच सरळ वाट ठेवली, तेव्हा तो रॅले वेगाच्या अगदी जवळ पोचला. तड्याला फाटे फोडता आले नाहीत की तो धावतो.

तड्याला फाटे का फुटतात?

एलिझाबेथ योफ यांनी १९५१ साली गणिताने दाखवलं की तडा एका वेगापलीकडे गेला की त्याच्या टोकापुढचा ताण समोर सर्वाधिक न राहता बाजूला झुकतो. तड्याला सरळ जाणं फायद्याचं राहत नाही. पण त्यांचा आकडा प्रयोगापेक्षा बराच मोठा निघाला. फाइनबर्ग, ग्रॉस, मार्डर आणि स्विनी यांनी १९९१ पासून ॲक्रिलिकवर जे मोजलं ते असं : सेकंदाला सुमारे ३४० मीटरच्या वर, म्हणजे रॅले वेगाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या थोडंसं पुढे, तडा थरथरू लागतो आणि दोन्ही बाजूंना सूक्ष्म फाटे सोडतो. प्रत्येक फाट्याला ऊर्जा लागते, त्यामुळे मुख्य तडा मंदावतो.

याची खूण तुटलेल्या काचेवर नुसत्या डोळ्यांनी दिसते. सुरुवातीच्या जागेभोवती आरशासारखा गुळगुळीत भाग, त्यापुढे धुरकट पट्टा, त्यापुढे खरबरीत रेघा. आरशाची त्रिज्या जितकी लहान तितका तुटतानाचा ताण मोठा, आणि ताण गुणिले त्रिज्येचं वर्गमूळ हा त्या पदार्थासाठी जवळजवळ ठराविक आकडा असतो. तुटलेल्या तुकड्यावर पट्टी ठेवून ‘हा किती ताणाखाली फुटला’ हे सांगता येतं. या सबंध विषयात मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच, कारण तिला कोणतंही महागडं यंत्र लागत नाही.

तडा ध्वनीच्या वेगापुढे जाऊ शकतो का?

सरकणारा तडा, म्हणजे ज्याच्या दोन बाजू उघडत नाहीत तर एकमेकींवर घसरतात तो, आडव्या लहरीच्या (पदार्थाला आडवं हलवत जाणाऱ्या ध्वनिलहरीच्या) वेगापुढे जाऊ शकतो. रोझाकिस आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठात जोडलेल्या पारदर्शक पट्ट्यांवर आघात करून ते छायाचित्रांत पकडलं. निसर्गात हेच भूकंपाच्या भ्रंशरेषेवर घडतं. इंडोनेशियातल्या पालू इथे २८ सप्टेंबर २०१८ च्या भूकंपात भ्रंश सेकंदाला ४ किलोमीटरच्या आसपास धावला. ओढीने उघडणारा तडा मर्यादेत राहतो असं पक्कं मानलं जात होतं, पण २०२३ साली फाइनबर्ग यांच्या गटाने खूप ताणलेल्या जेलमध्ये तीही मर्यादा मोडलेली दाखवली.

सुरुंगाने चुरा होतो आणि पाचर ठोकली तर दगड सरळ दोन तुकड्यांत फाटतो. दगड तर तोच!

दगड तोच, वेळ वेगळा. वडार कारागीर ओळीने भोकं पाडून पाचरी हळूहळू ठोकतात, तेव्हा ताण सावकाश चढतो. सगळ्यात कमजोर भेग आधी सुटते. ती वाढताना आजूबाजूचा ताण सैल होतो आणि ही सुटकेची खबर लहरीने सगळीकडे पोचायला भरपूर वेळ असतो. बाकीच्या भेगा गप्प बसतात. एक तडा, दोन तुकडे.

सुरुंगात ताण इतक्या लवकर चढतो की पहिल्या भेगेने दिलेली सुटका दुसरीपर्यंत पोचायच्या आतच दुसरी, दहावी, शंभरावी भेग सुटलेली असते. नेव्हिल मॉट यांनी दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या कवचाचे तुकडे मोजताना हाच हिशोब मांडला. ताणण्याचा दर जितका जास्त, तितके तुकडे लहान. (मॉट यांना १९७७ चं भौतिकीचं नोबेल मिळालं ते वेगळ्याच कामासाठी.)

सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टमध्ये विहीर किंवा बोगदा खणणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते : सुरुंगाला समोर मोकळी बाजू हवी. मोकळी बाजू नसेल तर लहर उलटून ओढ तयार होत नाही आणि फुटलेल्या दगडाला सरकायला जागाही मिळत नाही. म्हणून ओळी एकदम न उडवता काही मिलिसेकंदांच्या अंतराने उडवतात. पहिली ओळ दुसरीसाठी मोकळी बाजू तयार करते.

मग टफन्ड काचेचा चुरा होतो तो आघाताच्या वेगामुळेच का?

नाही. इथे बरेच जण फसतात. टफन्ड काच भट्टीतून काढून झोताने थंड करतात, त्यामुळे पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ओढीखाली कायमचा अडकतो. चुरा करणारी ऊर्जा काचेत आधीच भरलेली असते, बाहेरचा घाव फक्त निमित्त. अनेक मानकांत ५ बाय ५ सेंटिमीटरच्या चौकोनात किमान ४० तुकडे झालेच पाहिजेत अशी अट असते. तुकडे बोथट असावेत म्हणून.

सतराव्या शतकात युरोपच्या दरबारांत गाजलेले प्रिन्स रूपर्टचे थेंब म्हणजे याच तत्त्वाचं खेळणं. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात सोडायचा. डोकं हातोडा सोसतं, शेपटी मोडली की सगळ्याची भुकटी. चंद्रशेखर आणि चौधरी यांनी १९९४ साली वेगवान छायाचित्रणाने शेपटीकडून निघालेल्या तड्याचा वेग मोजला : सेकंदाला सुमारे १,४५० ते १,९०० मीटर.

बाथरूमचा काचेचा दरवाजा कुणी हात न लावता फुटला. फसवणूक झाली का?

असेलच असं नाही. काचेत निकेल सल्फाइडचा बारीक कण अडकलेला असला तर तो महिन्यांनी, कधी वर्षांनीही, हळूहळू रूप बदलून फुगतो आणि ओढीखालच्या गाभ्यात तडा सुरू करतो. कडेला बसलेला जुना टवकाही कारण असू शकतो. नवीन दरवाजा घेताना काचेची ‘हीट सोक’ चाचणी (काच मुद्दाम तापवून ठेवायची, म्हणजे असा कण असलेली काच कारखान्यातच फुटते) झाली आहे का हे विचारा.

वेगाने भार दिला की पदार्थ जास्त मजबूत होतो, असं वाचलं. खरं का?

आकड्यात खरं, पण अर्थ जपून घ्यावा. काँक्रीटची ओढीतली ताकद अतिवेगवान भारात कित्येक पट मोजली गेली आहे. कारण सुरुवातीला सांगितलेलंच : तडा तयार व्हायला वेळ लागतो, आणि भार त्याआधीच उतरला तर पदार्थ वाचतो. खूप थोडा वेळ टिकणारा भार पदार्थ मोडायला मोठाच असावा लागतो. सेंट पीटर्सबर्गच्या युरी पेट्रोव्ह यांनी १९८० च्या दशकाअखेरीपासून या ‘उबवणीच्या वेळे’वरच तुटण्याचा निकष उभा केला. मला तो पटतो, कारण ताकदीला वेगानुसार बदलणारा आकडा मानण्याऐवजी त्यात वेळ हाच पदार्थाचा गुणधर्म धरला आहे.

दाबातल्या चाचण्यांत मात्र वाढलेल्या ताकदीचा एक भाग पदार्थाचा नसतोच. नमुना बाजूला फुगायला निघतो, त्याचं स्वतःचं जडत्व त्याला आवळून धरतं, आणि यंत्र तेही ताकद म्हणून नोंदवतं.

मग पोलादी जहाजं अचानक दुभंगली ती कशी?

१६ जानेवारी १९४३ च्या रात्री अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या गोदीत ‘स्केनेक्टडी’ हा नवा कोरा टँकर शांत पाण्यात उभा असताना दुभंगला. लाट नाही, टक्कर नाही. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी अशा जहाजांचं पोलाद तपासून दाखवलं की ते थंडीत ठिसूळ होत होतं. आपल्या विषयाशी त्याचा संबंध असा की पोलादासाठी थंडी आणि वेग साधारण एकच काम करतात. ज्या तापमानाला हळू ओढलेलं पोलाद चिवट असतं, त्याच तापमानाला झटका बसलेलं ठिसूळ असू शकतं. भार हळू असला तरी एकदा तडा धावू लागला की त्याच्या टोकासमोरच्या पोलादाला तो झटकाच असतो. रिव्हेट मारलेल्या जहाजात तडा पत्र्याच्या कडेला थांबायचा, वेल्डिंगने जोडलेल्या अखंड जहाजात त्याला थांबा नव्हता.

वायूवाहिन्यांत हीच शर्यत वेगळ्या रूपात दिसते. नळी फुटली की आतला दाब उतरल्याची खबर नैसर्गिक वायूत सेकंदाला सुमारे ४०० मीटरने पसरते. तडा त्याहून वेगवान असेल तर त्याच्या टोकाला नेहमी पूर्ण दाबच भेटतो. अमेरिकेतल्या एका वाहिनीत १९६० साली तडा सुमारे १३ किलोमीटर धावला.

वेगाने धातू मऊ होऊन फाटतो, असंही होतं का?

होतं. धातू वाकवताना खर्च झालेली बहुतेक ऊर्जा उष्णता बनते. वेग इतका असला की उष्णता पसरायला वेळच मिळत नाही, तर एक अरुंद पट्टा तापतो, तापल्याने मऊ होतो, आणि मऊ झाल्याने आणखी तिथेच सरकतो. टायटॅनियमची मिश्रणं यासाठी कुप्रसिद्ध आहेत. काल्टहॉफ आणि विंकलर यांनी १९८७ साली खाच पाडलेल्या उच्च ताकदीच्या पोलादी पट्टीवर आघात केला. कमी वेगाला खाचेपासून सुमारे ७० अंशांत ठिसूळ तडा गेला. वेग वाढवल्यावर तडा गायब आणि जवळजवळ सरळ पुढे जाणारा असा पट्टा. ‘वेग वाढला की ठिसूळपणा वाढतो’ हा नियम म्हणून पाठ करणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर पाहावा.

कोयना धरणाचं उदाहरण या विषयात नेहमी का येतं?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा १०३ मीटर उंचीचं हे काँक्रीटचं धरण केंद्राच्या जवळ होतं आणि धरणातच त्वरणमापक चालू होता. धरणाच्या रचनेत भूकंपाचा विचार केला होता, पण तो धरणाच्या वजनाच्या ५ टक्के आडवा बल, स्थिर, असा. प्रत्यक्ष नोंद प्रवाहाच्या दिशेने गुरुत्वाच्या सुमारे ४९ टक्के. तडे पडले ते तळाशी नाही. पायापासून सुमारे ६६ मीटरवर जिथे खालच्या अंगाचा उतार अचानक बदलतो तिथे. हलणाऱ्या धरणाचा वरचा भाग खालच्यापेक्षा कितीतरी जास्त झोकांड्या खातो आणि तो ताण नेमका त्या कोपऱ्यात साठतो. स्थिर हिशोबाला हे दिसूच शकत नाही. बर्कलीच्या अनिल चोप्रा यांनी १९७३ साली सहकाऱ्यासह हे विश्लेषण मांडलं. धरण उभं राहिलं आणि नंतर उंच भागांना मागून टेकू देऊन ते बळकट केलं.

हे सगळं मोजतात कसं?

कारखान्यात शार्पी लोलक : १० बाय १० बाय ५५ मिलिमीटरचा खाच पाडलेला तुकडा, एक फटका, किती ऊर्जा गिळली ते वाचायचं. स्वस्त, उपयोगी, पण एकच आकडा देणारं. प्रयोगशाळेत कॉल्स्की यांनी १९४९ साली रूढ केलेला दुहेरी हॉपकिन्सन बार : दोन लांब सळयांमध्ये नमुना ठेवून लहर पाठवायची. त्याहून वरच्या दरांसाठी गॅस गन, म्हणजे दाबलेल्या वायूने चकती फेकणारी तोफ. आणि सेकंदाला लाखो चित्रं घेणारे कॅमेरे, कारण तडा कुणासाठी थांबत नाही.

घरी करून पाहण्यासारखं काही?

काच सोडून द्या. जड पुस्तकांचा गठ्ठा दोऱ्याने टांगा आणि तसाच दुसरा दोरा गठ्ठ्याखाली लटकवा. खालचा दोरा हळू ओढला तर वरचा तुटतो. हिसका दिला तर खालचा तुटतो, कारण गठ्ठा हलून वरचा दोरा ताणला जायच्या आतच काम तमाम होतं. पाय बाजूला ठेवा.

सॉफ्टवेअरमध्ये तडा दाखवला तर त्यावर किती विसंबावं?

सॉफ्टवेअर वस्तूचे लहान लहान तुकडे पाडून, म्हणजे तिची जाळी करून, हिशोब करतं; जाळीचे तुकडे बारीक केल्यावर तडा दुसरीकडे जात असेल तर अजिबात विसंबू नका. दुसरी नेहमीची चूक म्हणजे काँक्रीटची ताकद वेगानुसार वाढवून द्यायची आणि वर जडत्वही मोजायचं. वाढीतला जडत्वाचा भाग मग दोनदा धरला जातो आणि भिंत कागदावर फार मजबूत दिसते. स्वतःचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी आधी काल्टहॉफचा ७० अंशांचा कोन काढून दाखवावा, मग कोयना. तिथे भूकंपाची नोंदही आहे आणि तडे कुठे पडले तेही माहीत आहे.